कांद्याचा भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ नाशिकच्या निफाड तालुक्यातलं आणि नोकरी पुण्यातली. त्यामुळे कांदा महागला की सोसायटीतली मंडळी मला धरतात आणि कोसळला की मामेभाऊ फोनवर धरतात. दोन्हीकडचे प्रश्न अनेक वर्षं ऐकतोय. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना छोटं उत्तर नाहीच.

कांदा तर बारा महिने मिळतो. मग टंचाई येते कुठून?

बारा महिने मिळतो, पण बारा महिने पिकत नाही. आपल्याकडे कांद्याचे तीन हंगाम. पावसाळ्यात लावलेला खरीप कांदा, ज्याला आमच्याकडे पोळ किंवा नुसतं 'लाल' म्हणतात, तो ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. त्यामागून रांगडा, म्हणजे उशिराचा खरीप, जानेवारी ते मार्च. आणि मग उन्हाळ कांदा, जो मार्च अखेरपासून मे महिन्यापर्यंत काढला जातो. देशाच्या एकूण कांद्यात या उन्हाळचा वाटा दोन तृतीयांशाच्या घरात आहे आणि टिकणारा कांदा तेवढाच. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काढला की विकावा लागतो.

म्हणजे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सगळा देश चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, ठेवलेल्या उन्हाळ कांद्यावर जगतो. सप्टेंबरात चाळी तळाला लागतात आणि नवा लाल अजून शेतात असतो. तेवढ्यात परतीचा पाऊस कर्नाटकात, नगरला किंवा नाशिकला लाल कांद्यावर कोसळला की भाव पेटला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या बहुतेक मोठ्या भाववाढी याच फटीतल्या आहेत. १९९८ ची बघा, २०१९ ची बघा.

पण एका वर्षी ५० रुपये किलो आणि पुढच्या वर्षी ५ रुपये, एवढा झोका का?

कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला म्हणून फोडणीत घालायचं सोडत नाही. मागणी जवळपास जागची हलत नाही. त्यामुळे आवक दहा टक्क्यांनी कमी-जास्त झाली तरी भाव त्याच्या कितीतरी पट हलतो.

त्यात शेतकऱ्याचा हिशोब. ज्या वर्षी भाव मिळाला त्याच्या पुढच्या वर्षी गावात जो तो कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, टाकतो. उळ्याच्या बियाण्याचा दर वाढला की समजावं, पुढचं वर्ष मातीचं. अर्थशास्त्रात याला कोळिष्टकाचं प्रतिमान म्हणतात: आजचा भाव उद्याची लागवड ठरवतो, उद्याची लागवड परवाचा भाव पाडते, आणि आकृती काढली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. पुस्तकातल्या एका प्रकारात हे जाळं हळूहळू मधोमध येऊन स्थिरावतं. आमच्याकडे ते स्थिरावलेलं मी पाहिलेलं नाही, कारण दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून कोणीतरी हात घालतं. त्याबद्दल पुढे.

लासलगावचा भाव म्हणजे सगळ्या देशाचा भाव, असं का मानतात?

देशातल्या कांद्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कांदा महाराष्ट्रात पिकतो, त्यात नाशिक जिल्ह्याचा वाटा सगळ्यात मोठा, आणि साठवणुकीचा कांदा तर इथेच. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड, चांदवड, उमराणे या बाजारांत सकाळी बोली लागली की तासाभरात तो आकडा दिल्लीच्या आझादपूरला पोचलेला असतो.

लिलाव पाहण्यासारखा असतो. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका गाडीगाडीपाशी जातो, वरचा कांदा हातात घेऊन चोळतो, पत्ती सुटते का बघतो आणि अर्ध्या मिनिटात बोली संपते. त्या अर्ध्या मिनिटात शेतकऱ्याच्या चार-पाच महिन्यांचा निकाल लागतो. भाव नाही पटला तर गाडी परत न्यायची मुभा आहे. पण डिझेल भरून परत नेणार कुठे?

ग्राहक देतो त्यातले किती पैसे शेतकऱ्याला मिळतात?

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात ग्राहकाच्या रुपयातले साधारण ३६ पैसे कांदा उत्पादकाला मिळतात असं आलं आहे. टोमॅटोत ३३, बटाट्यात ३७. ही सरासरी. मंदीत हा आकडा फार खाली जातो, कारण हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं हे खर्च भावाबरोबर कमी होत नाहीत. ते वजनावर आणि अंतरावर लागतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा रुपया किलोने विकला. गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५० पैसे वजा झाले आणि हाती २ रुपयांचा धनादेश आला. लोकांनी तो धनादेश पाहून व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. खरं तर भावच एवढा खाली होता की नेहमीच्या कपाती सगळी रक्कम खाऊन गेल्या. मला तरी त्यातली भयानक गोष्ट तीच वाटते.

मग दलाल काढून टाकले की प्रश्न सुटेल ना?

हा सगळ्यात आवडता प्रश्न. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, आडत गेली, हे चांगलं झालं. पण बाजार समितीबाहेर कुठेही विकायची मोकळीक मिळूनही बहुतेक कांदा आजही समितीच्या आवारातच येतो. का? कारण तिथे दहा-वीस खरेदीदार एका जागी भेटतात आणि रोख मिळण्याची त्यातल्या त्यात खात्री असते. बांधावर येऊन भाव सांगणारा एकटाच असतो, आणि कधी पैसे बुडवून पळणाराही असतो.

व्यापारी काही फुकट खात नाही. निवड करतो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढतो, गोण्या भरतो, रेल्वेचा रेक किंवा कंटेनर पाहतो, वाटेतली सड त्याच्या अंगावर पडते, आणि पुढच्या बाजारात उधारी द्यावी लागते ती वेगळीच. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. प्रत्येक बाजारात मोठे खरेदीदार मोजकेच. त्यांनी ठरवलं तर लिलाव बंद पडतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या निषेधात तो नाशिकमध्ये बरेच दिवस बंद होताच. त्या दिवसांत चाळीतला कांदा सडत कोणाचा होता, हे सांगायला नको. तेव्हा दलाल काढायचे नाहीत, वाढवायचे आहेत. नव्या खरेदीदाराला परवाना आणि गाळा मिळणं सोपं झालं तर बोली वाढेल. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ई-नाम या देशभरच्या ऑनलाइन बाजारामागचा विचारही हाच होता, पण न पाहिलेल्या कांद्यावर बोली लावायला प्रतवारीची खात्री लागते, आणि ती खात्री देणारी सोय अजून बहुतेक बाजारांत नाही.

शेतकरी चाळीत कांदा ठेवून भाव येईपर्यंत थांबत का नाही?

ज्याला शक्य आहे तो थांबतोच. पण चाळीचा हिशोब एकदा मांडून बघा. समजा एप्रिलमध्ये भाव १५०० रुपये क्विंटल आहे आणि तुम्ही १०० क्विंटल चाळीत भरले. सप्टेंबरपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब धरून ३० टक्के गेले तर ७० क्विंटल उरले. एप्रिलमध्येच विकून जे दीड लाख मिळाले असते तेवढेच मिळवायला आता २१४३ रुपये भाव हवा. त्यावर पाच महिन्यांचं व्याज, चाळ फोडून पुन्हा निवडायची मजुरी. म्हणजे २४०० च्या खाली थांबण्यात काही हशील नाही. आणि ३० टक्के घट ही बऱ्या वर्षातली, दमट वर्षात चाळीस टक्केही जातात.

ज्याच्यावर गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज आहे, ज्याच्या घरी मे महिन्यात लग्न आहे, तो हा जुगार खेळूच शकत नाही. त्याला एप्रिलमध्येच विकावं लागतं, आणि सगळ्यांनाच एप्रिलमध्ये विकावं लागतं म्हणून एप्रिलमध्ये भाव नसतो.

विकिरण, शीतगृह वगैरे?

भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र लासलगावलाच २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब येणं थांबतं, पण सड आणि वजनातली घट थांबत नाही. त्यासाठी पुन्हा थंड, कोरडं कोठार लागतं आणि तिथे विजेचं बिल येतं. स्वस्त शेतमालाला महागडी साठवणूक परवडत नाही, एवढंच त्यामागचं गणित. त्यापेक्षा हवा खेळती राहील अशी बांधलेली चाळ, काढणीआधी तोडलेलं पाणी, नीट सुकवलेली मान आणि टिकाऊ वाण यांनी जास्त फरक पडतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचे 'भीमा' मालिकेतले वाण त्यासाठी पाहण्यासारखे आहेत.

निर्यातबंदीवरून एवढा गदारोळ का? कांदा आपल्याला पुरल्यावरच बाहेर जायला हवा ना?

ऐकायला रास्त वाटतं. आता बंदी प्रत्यक्षात कशी येते ते पाहू.

१९ ऑगस्ट २०२३ ला, एका शनिवारी, कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, तेही लगेच लागू. २८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरलं, म्हणजे किलोला जवळपास ६७ रुपयांच्या खाली कांदा बाहेर पाठवायचाच नाही. ८ डिसेंबरपासून सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून. मार्चमध्ये ती पुढे ढकलली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २००० टनांची वाट मोकळी करून दिली, ज्यावरून आमच्याकडे काय बोललं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत नियम सहा-सात वेळा बदलले, आणि एकदाही शेतकऱ्याला लागवडीआधी कळलं नाही.

डिसेंबरच्या बंदीनंतर काही आठवड्यांतच बाजारातले भाव निम्म्याच्या आसपास आले. तो लाल कांदा होता, थांबवून ठेवता येत नव्हता.

हे एकाच सरकारचं पाप नाही. डिसेंबर २०१० आणि सप्टेंबर २०११ मध्ये दुसरं सरकार होतं आणि बंदी तीच. २०१९ आणि २०२० मध्ये पुन्हा. १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्यातलं सरकार घालवलं, तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक सत्ताधाऱ्याच्या मनात ती भीती घर करून आहे. उत्पादकाची भीती मात्र सहसा वाटत नाही. २०२४ च्या लोकसभेत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, तेव्हा थोडे दिवस वाटली.

बंदीचं खरं नुकसान त्या पाच महिन्यांपुरतं नसतं. बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, आखाती देश हे आपले गिऱ्हाईक. त्यांनी एकदा पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तच्या व्यापाऱ्याशी घडी बसवली की बंदी उठली म्हणून ते लगोलग परत येत नाहीत. बांगलादेशाने तर स्वतःची लागवडच वाढवली. २०२२-२३ मध्ये आपण २५ लाख टनांच्या वर कांदा पाठवला होता. २०२३-२४ मध्ये १७ लाख टन आणि २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास.

पण बंदीने शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळतो, हे तर खरं?

काही आठवडे मिळतो. नंतर त्याच शेतकऱ्याने पुढच्या हंगामात लागवड कमी केली की दुप्पट भावाने तो पैसा परत जातो. आणि घरखर्चात कांदा असतो केवढा? २०१२ च्या पायावरच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घराला किलोमागे ३० रुपये वाढले तर दीडशे रुपये जास्त पडतात. हातावर पोट असलेल्याला दीडशे रुपये थोडे नाहीत, हे मान्य. मग त्या घरापर्यंत स्वस्त कांदा पोचवा. सगळ्या देशाचा भाव पाडून मलाही स्वस्त कांदा कशाला?

नाफेड कांदा घेतं, त्याने भाव सावरत नाहीत का?

नाफेड आणि एनसीसीएफ या देशपातळीवरच्या सहकारी संस्था केंद्राच्या भाव स्थिरीकरण निधीतून कांदा घेऊन साठवतात. २०२२-२३ मध्ये अडीच लाख टनांचं लक्ष्य होतं, २०२४-२५ मध्ये पाच लाख टन, २०२५-२६ मध्ये तीन लाख. देशाचं वर्षाचं उत्पादन तीन कोटी टनांच्या आसपास असतं. म्हणजे पाच लाख टनांनी भाव उचलला जाईल अशी आशा धरणं म्हणजे दर्यामे खसखस.

ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काचा भडका उडाल्यावर सरकारने २४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन घेण्याचं जाहीर केलं. आकडा चांगला होता. पण खरेदी थेट बाजार समितीत बोली लावून न होता बहुतांशी शेतकरी उत्पादक कंपन्या आणि संघांमार्फत होते, तीही ठरावीक आकाराच्या, निवडलेल्या मालाची. तेव्हा तो भाव गावात किती जणांपर्यंत पोचतो, हे आपल्या गावच्या पारावर विचारून पाहा. आणि हाच साठा सप्टेंबरात भाव वाढायला लागले की बाजारात ओततात. २०२४ मध्ये ३५ रुपये किलोने दिल्ली-मुंबईत गाड्या उभ्या राहिल्या, ऑक्टोबरात लासलगावहून १६०० टन कांद्याची रेल्वे दिल्लीला गेली. साठा हा ग्राहकासाठी आहे, त्याला शेतकऱ्याची मदत म्हणू नये एवढंच.

कांद्याला हमीभाव का नाही?

हमीभाव २२ पिकांना जाहीर होतो, त्यात कांदा नाही. १९८० साली चाकणच्या बाजारातून शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन उभं केलं तेव्हापासून रास्त भावाची मागणी आहे. पण इथे माझं मत बऱ्याच मित्रांहून वेगळं आहे. गहू-तांदूळ सरकार घेऊ शकतं कारण ते वर्षानुवर्षं टिकतं आणि रेशनवर वाटता येतं. कांदा घेऊन ठेवणार कुठे? मध्य प्रदेशने २०१६ मध्ये ६ रुपये आणि २०१७ मध्ये ८ रुपये किलोने कांदा विकत घेऊन पाहिला. पावसाळ्यात त्यातला ढिगाने सडला.

त्यापेक्षा भावफरक द्यावा: कांदा बाजारात जाऊ द्या, ठरवलेल्या पातळीच्या खाली भाव गेला तर फरक खात्यावर जमा करा. त्यातही मेख आहे. फरक सरकार देणार हे व्यापाऱ्याला माहीत असलं की तो बोलीच खाली धरतो. म्हणून फरक त्या शेतकऱ्याच्या पट्टीवरून काढू नये, अनेक बाजारांच्या सरासरीवरून काढावा.

राज्य सरकारने अनुदान दिलं होतं ना?

हो. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी ही अट होती, आणि तिथेच अनेकजण अडकले. ज्याने वाट्याने जमीन कसली त्याचं नाव सातबाऱ्यावर असतंच कुठे?

पीक विमा भावाची भरपाई देतो का?

नाही. विमा उत्पादन बुडाल्याचा आहे, भाव बुडाल्याचा नाही. भरघोस पीक येऊन शेतकरी बुडाला तर विम्याच्या लेखी सगळं आलबेल असतं.

एवढा तोटा होतो तर कांदा सोडून दुसरं काही का लावत नाहीत?

मी एकदा मामांना हे विचारलं होतं. ते म्हणाले, "सोयाबीनने घर चालतं, पण विहीर कांद्यानेच होते." पाच वर्षांत एकदा लागलेला कांदा मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, ट्रॅक्टर असं सगळं उरकून देतो. दोन-तीन एकरांत दुसरं कुठलं पीक तेवढी आशा देत नाही. म्हणूनच त्या एका वर्षी निर्यातबंदी आली की जिव्हारी लागते. चार वर्षांचा तोटा भरून काढायचं तेच वर्ष असतं. मंदीत सरकार म्हणतं, बाजार आहे, आम्ही काय करणार. तेजीत मात्र बाजारावर सोडत नाही. शेतकऱ्याच्या भावाला छत घातलंय, जोतं घातलेलं नाही.

मग धोरण काय असावं?

नियम आधी सांगा. घाऊक भाव अमुक पातळीच्या वर सलग काही आठवडे राहिला तर इतकं शुल्क, खाली आला की आपोआप रद्द, आणि हे सगळं ऑगस्टमध्ये, रांगड्याच्या लागवडीपूर्वी जाहीर. पूर्ण बंदी नकोच. शुल्क लावलंच तर त्याचे पैसे त्याच जिल्ह्यांतल्या चाळींसाठी आणि मंदीतल्या भावफरकासाठी वेगळे ठेवा.

दुसरं, आकडे. किती एकरांवर लागवड झाली आणि चाळीत किती कांदा उरला, याचा भरवशाचा अंदाज दर पंधरवड्याला मिळाला तर सरकारही घाबरणार नाही आणि शेतकरीही आंधळेपणाने उळं टाकणार नाही. आज चाळींची सगळ्यात पक्की खबर मोठ्या व्यापाऱ्यांकडे असते. ते माणसं पाठवून गावोगाव चाळी मोजून घेतात.

बातमीतला भाव वाचताना काय बघावं?

बाजार समितीचा भाव तीन आकड्यांत येतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. 'कांदा पाच हजारांच्या पार' अशी ओळ दिसली की ती बहुधा कमालवरची असते, आणि कमाल हा त्या दिवशीच्या एखाद्या निवडक गाडीला मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण पाहा. सोबत आवक किती क्विंटल ते पाहा, कारण दोनशे क्विंटल आवकेतला भाव आणि वीस हजार क्विंटलमधला भाव यांची तुलना होत नाही. कांदा लाल की उन्हाळ तेही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्ही एकाच बाजारात असतात आणि त्यांचे भाव वेगळे असतात. आणि हे सगळे आकडे क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोचे. दोन शून्यं काढली की किलोचा भाव.